जाळीचा तळ

जुन्या बाजारात रविवारपेक्षा बुधवारी जावं. गर्दी कमी असते आणि संध्याकाळी माल परत भरून नेण्याचा विकणाऱ्याला कंटाळा आलेला असतो. मंगळवार पेठेतल्या त्या रस्त्याकडेला पितळी नळ, पाती नसलेले पंखे आणि जोडीदार हरवलेले बूट यांच्या ढिगात मला तो पिंजरा दिसला. चार फूट लांब, दोन फूट रुंद, दीड फूट उंच. अँगलची चौकट, तिच्यावर जाळी, पुढे वर सरकणारं दार, खाली ओढून काढायचा पत्र्याचा ट्रे. ट्रेचा एक कोपरा गंजून चाळणी झाला होता.

"घ्या काका, कोंबड्यांना एक नंबर आहे."

"हा कोंबड्यांचा नाही," मी म्हणालो.

"मग कशाचा?"

मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर भाव वाढला असता. पण ओळखायला मला वेळ लागला नव्हता. पिंजऱ्याचा तळ पत्र्याचा नव्हता, जाळीचाच होता, अर्ध्या इंचाच्या चौकोनांचा. जनावर वर राहावं आणि लेंड्या खाली ट्रेमध्ये पडाव्यात अशी सोय. आणि दाराच्या वर पत्रा वाकवून केलेली एक खाच होती, कार्ड सरकवण्यासाठी. कोंबडीला कुणी कार्ड लावत नाही. असले पिंजरे मी एकतीस वर्षं धुतले आहेत. एका कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा परिचर होतो. पगारपत्रकावर तसं लिहिलेलं असे. हाक मात्र शेवटपर्यंत शिपायाचीच.

बाराशे सांगितले, आठशेला दिला. "वजनावर घातला तरी सहाशे सुटतात," असं तो पैसे मोजताना म्हणाला, ते खरंही असेल. रिक्षावाल्यानं टपावर बांधायचे वेगळे पन्नास घेतले. घरी आल्यावर बायको दारातच म्हणाली, "तिकडं तीस वर्षं धुतलेत, आता घरी धुवा."

पिंजरा हवा होता तो दोन गिनीपिगांसाठी. आमच्या खालच्या मजल्यावरचं कुटुंब बदली होऊन गेलं, तेव्हा "दोन महिन्यांत नेतो" म्हणून ते आमच्याकडे ठेवून गेलं. त्याला वर्ष झालं. दोघं फळांच्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये राहत होते आणि क्रेटची कड कुरतडून आपलं मत मांडत होते. बरेच जण सुचवून गेले की पिंजरा आहेच, तर एक पोपटही ठेवा. आपल्याकडचा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे वाडा पाडून झालेल्या आमच्या सोसायटीत अजून पोचलेलं नाही. वाड्यांमधल्या प्रत्येक ओसरीवर विठू विठू चालायचं, ते ऐकलेले कान आहेत हे.

मी पहिल्यांदा व्हिनेगरनं ट्रे पुसला. गिनीपिगच्या लघवीत चुना भरपूर असतो. ती वाळली की पांढरा खडूसारखा थर बसतो आणि घासून निघत नाही, आंबटानं मात्र लगेच फेस येऊन सुटतो. तो पांढरा थर ट्रेवर होताच. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. याआधी इथं राहून गेलेले आमच्या दोघांच्याच जातीचे असणार, निदान सशाच्या तरी, कारण सशाचंही तसंच असतं.

मग रंग. चौकटीवर वरून चंदेरी, त्याखाली हिरवा आणि सगळ्यात खाली शेंदरी. चंदेरी आणि हिरव्याचं मला काही वाटलं नाही. शेंदरी दिसल्यावर मी ब्रश खाली ठेवला. लोखंडावर पहिला हात म्हणून पूर्वी शेंदूरच लावत. मारुतीला वाहतात तो अस्सल शेंदूर आणि हा, दोन्ही शिशाचं ऑक्साइड. गंज रोखण्यात त्याचा हात धरणारं फारसं काही नव्हतं. रेल्वेचे पूल आणि जहाजांचे तळ त्याच्यावर तगले. पण शिसं पोटात गेलं की ते माणसाला सोडत नाही आणि सव्वा किलोच्या जनावराला तर नाहीच. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग ही मर्यादा २०१६च्या नियमांनी घातली आणि ती २०१७च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. हा पिंजरा त्याच्या कितीतरी आधीचा. कोरडं घासलं तर ती धूळ माझ्याच छातीत जाणार, म्हणून तोंडाला फडकं, हातात मोजे, आणि पाणी मारत मारत पत्रीनं खरवडणं. निघालेला चिखल वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळा ठेवला. चार दिवस लागले. शेंदूर निघाला तिथं खाली लोखंड निळसर, कोरं होतं. ज्यानं लावला त्यानं मन लावून लावला होता.

जाळीवर शेंदूर नव्हता. तिच्यावर जस्त होतं.

जस्त चढवलेलं लोखंड, म्हणजे जीआय, गॅल्व्हनाइज्ड आयर्न. हा शब्द मी नोकरीत रोज उच्चारला आणि त्यात बेडूक दडला आहे हे निवृत्तीनंतर कळलं. इटलीत बोलोन्या इथं लुइजी गॅल्व्हानी हा शरीरशास्त्राचा प्राध्यापक होता. सोललेले बेडकाचे पाय पितळी आकड्यांनी लोखंडी कठड्याला टांगले की ते झटके देतात, हे त्यानं पाहिलं आणि १७९१ साली छापलं. वीज बेडकाच्या अंगातली आहे असं त्याला वाटलं. व्होल्टा म्हणाला, बेडकात काही नाही, दोन वेगळे धातू ओलाव्यानं जोडले गेले की वीज होते. त्याच वादातून १८०० साली पहिली बॅटरी झाली. माझ्या हातून किती बेडूक मुलांच्या मेणाच्या ट्रेमध्ये टाचले गेले त्याचा हिशेब नाही. त्यांचे पायही कधी कधी उडत. मुलं किंचाळत, सर हसत, आणि मी पुढच्या टेबलाला टाचण्या देत असे.

वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची कल्पना त्याआधीची आहे. फ्रान्समध्ये मालुआँ नावाच्या रसायनतज्ज्ञानं ती १७४२ साली विज्ञान अकादमीपुढे मांडली होती. पण धंदा झाला तो १८३७ साली पॅरिसच्या सोरेलनं पेटंट घेतल्यावर. या कामात वीज कुठंच लागत नाही, नुसती कढई आणि बुडवणं. तरी त्यानं गॅल्व्हानीचं नाव घेतलं, कारण खरी करामत बुडवण्यात नसून नंतरच्या वर्षांत होती. जस्ताचा थर कुठं खरवडला गेला तरी तिथलं लोखंड लगेच गंजत नाही. ओलावा आला की जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. दोन धातू आणि मध्ये ओल, म्हणजे बेडकाच्या पायातलंच प्रकरण. माझ्या जाळीवर हे वाचता येत होतं. जिथं जस्त शिल्लक होतं तिथं पांढरी पूड, जिथं ते संपलं तिथं तांबडा गंज. तळाची जाळी सगळीच तांबडी, छताची जवळजवळ जशीच्या तशी. मुतारीच्या जागी जस्त आधी संपणार, यात नवल नाही.

म्हणून सगळा पिंजरा एकदम आंबट पाण्यात घालायचा मोह टाळला. आम्ल गंज खातं तसंच जस्तही खातं, आणि गंजापेक्षा लवकर. छत आणि बाजूच्या जाळ्या नुसत्या व्हिनेगरच्या फडक्यानं पुसून धुतल्या, कारण जस्ताची सुटी पूड आणि लोंबत्या गाठीही कुरतडणाऱ्याला विषच असतात. पक्षी पाळणारे नवी जाळी आणली की आधी घासून धुतात ते यासाठीच. सुट्या केलेल्या अँगलच्या पट्ट्या आणि दार मात्र वाण्याकडच्या लिंबाच्या फुलाच्या पाण्यात रात्रभर बुडवले. सकाळी पाणी चहासारखं झालं होतं. काढलं, धुतलं, आणि लगेच उन्हात. ओलं कोरं लोखंड पाहता पाहता पुन्हा तांबूस व्हायला लागतं.

तळाची जाळी कापून काढली. नवी जोडण्यासाठी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो. त्यानं बाजूच्या जाळीवर नख ओढलं आणि म्हणाला, "जीआय आहे काका, यावर नाही मारणार. रात्री हुडहुडी भरते. मागं एकदा बंद शटरमध्ये केलं होतं, ताप आला, तोंडाला गोडसर चव. दूध पिऊन झोपलो."

त्याला भरलेली हुडहुडी ही जुनी गोष्ट आहे. जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं, आणि वेल्डिंगची ठिणगी त्याच्या कितीतरी वर. जस्त धूर होऊन उडतं आणि तो धूर छातीत गेला की ताप. याच उडण्यामुळे जगाला जस्त फार उशिरा सापडलं. तांबं किंवा लोखंड भट्टीच्या तळाशी मिळतं. जस्ताचा दगड तापवला की जस्त धुराड्यातून निघून जातं आणि माणूस रिकामी भट्टी बघत बसतो. राजस्थानात उदयपूरजवळ जावर इथं लोकांनी यावर उपाय काढला. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशीत माल भरायचा, तिचं तोंड खाली करायचं, वरून आच द्यायची आणि वाफ खाली थंड जागेत उतरवून धरायची. 'रसरत्नसमुच्चय' या संस्कृत ग्रंथात वृंताक मूषा म्हणून या मुशीचं वर्णन आहे. युरोपात जस्ताचे कारखाने निघायच्या कित्येक शतकं आधी जावरला ते मोठ्या प्रमाणावर होत होतं. वापरून झालेल्या मुशी इतक्या साचल्या की गावकऱ्यांनी त्यांच्याच भिंती बांधल्या. मूषा म्हणजे मूस आणि मूषक म्हणजे उंदीर. भाषाशास्त्रात याचा काही संबंध असो नसो, उंदराच्या पिंजऱ्यापाशी बसून हे वाचताना मला बरं वाटलं.

वेल्डिंगऐवजी पॉप रिव्हेट मारले.

जाळीची आणखी एक गोष्ट. पूर्वीचे पिंजरे वेताचे, बांबूचे, नाहीतर तांबटानं तार ओढून केलेले पितळेचे. स्वस्त जाळी आली ती कापडाच्या मागातून. इंग्लंडमधलं नॉरिच हे विणकरांचं गाव. तिथल्या चार्ल्स बर्नार्डनं १८४४ साली कापडाच्या मागावरून सुचून तारेची जाळी विणणारं यंत्र केलं. ती षटकोनी भोकांची कोंबडीची जाळी आजही कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात गुंडाळी करून उभी असते. नंतर विजेनं सांधे जोडलेली चौकोनी जाळी आली, माझ्या पिंजऱ्याची. जाळी विकत घेताना दुकानदार पहिला प्रश्न तारेचा विचारत नाही. तो विचारतो, "भोक किती?" अर्धा इंच, पाऊण, एक. मला वाटतं सगळा पिंजरा या प्रश्नात आला. भिंत करायची तर पत्रा आहे. जाळी आपण घेतो ती काहीतरी आत-बाहेर जावं म्हणून, आणि काय जावं हे भोकाच्या मापानं ठरतं.

असं एक माप आपल्या इतिहासात फार महागाचं आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. त्यानंतरचं पुणं आपण शाळेत शिकलो आहोत: रँड, घरांच्या झडत्या, छावण्या, चापेकर बंधू. प्लेगनं आजारी पडलेल्या मुलाला पाठीवर घेऊन गेलेल्या सावित्रीबाई त्याच साथीत गेल्या. घरं धुतली, सामान जाळलं, कौलं उतरवून ऊन आत सोडलं, कारण रोग घाणीत किंवा हवेत आहे असं सरकारला वाटत होतं. पॉल-लुई सिमाँ हा पाश्चर संस्थेचा फ्रेंच डॉक्टर तेव्हा इथं काम करत होता. त्याला उंदरांच्या पिसवांचा संशय आला. कराची त्या वेळी मुंबई इलाख्यात होती. तिथं एका हॉटेलात, २ जून १८९८ रोजी, त्यानं मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगनं आजारी असलेला, पिसवा असलेला उंदीर ठेवला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून मांजराच्या अंगावरच्याही आणून सोडल्या. उंदीर मरायला टेकला तेव्हा बरणीत एक छोटा तारेच्या जाळीचा पिंजरा घातला आणि त्यात धडधाकट उंदीर. दोघांना एकमेकांना शिवता येत नव्हतं. जाळीतून जाऊ शकत होती ती फक्त पिसू. पाचव्या दिवशी पिंजऱ्यातला उंदीर मलूल झाला, सहाव्या दिवशी मेला, आणि त्याच्या अंगात प्लेगचे जंतू सापडले.

वर्षानुवर्षं त्याच्यावर कुणी फारसा विश्वास ठेवला नाही. मग मुंबईच्या राणीच्या बागेतले गिनीपिग प्लेगनं मेले आणि ग्लेन लिस्टन या डॉक्टरला त्यांच्या अंगावर उंदरांच्याच पिसवा सापडल्या. १९०५पासून परळच्या प्रयोगशाळेत, जिला पुढे हाफकिन संस्था हे नाव मिळालं, एका मंडळानं हे सगळं नेटानं तपासलं. प्लेगच्या जागेत गिनीपिग पिंजऱ्यात घालून टांगले: जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्याला प्लेग झाला, दोन फुटांवर टांगलेल्याला झाला नाही, कारण पिसवेची उडी काही इंचांचीच. बारीक जाळीनं वेढलेल्या पिंजऱ्यातला वाचला, मोठ्या भोकांच्या जाळीतला मेला. हवा दोघांनाही सारखीच मिळत होती. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत 'जनतेला गिनीपिग करू नका' असं वरचेवर छापून येतं. ते लिहिणाऱ्यांचे पणजोबा ज्या साथीतून वाचले, तिचा उलगडा या प्राण्यानं परळच्या जाळीत लोंबकळून केला, हे त्यांनी एकदा छापायला हरकत नाही.

आमच्या कॉलेजात इतकं मोठं काही झालं नाही. प्राणीघर म्हणजे जिन्याखालची एक खोली, सहा पिंजरे, पांढरे उंदीर आणि थोडे गिनीपिग. मी १९८६ला लागलो तेव्हा सगळे पिंजरे असेच, जाळीच्या तळाचे. हे धुणाऱ्याला फार सोयीचं होतं: ट्रे ओढा, पाइप मारा, परत सरकवा. तीन मिनिटांत एक. पुढे उंदरांसाठी बादलीसारखे प्लॅस्टिकचे पिंजरे आले, वर स्टीलची झाकणं, खाली लाकडाचा भुसा. ते धुवायला जिकिरीचे. मी तेव्हा कुरकुर केल्याचं आठवतं. २०११ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विच्छेदन कमी करण्याच्या सूचना काढल्या आणि २०१४ला ते पूर्ण बंद केलं. बेडूक, उंदीर गेले, तक्ते आणि संगणक आले. पिंजरे जिन्याखालून भंगाराच्या लिलावात गेले. मी सही केली, नग सहा. हा त्यांतलाच एक का, असं लोक विचारतात. नाही. आमच्यांची खाच डावीकडे होती.

गिनीपिगांच्या तळपायांना केस नसतात. तारेवर उभं राहून राहून तिथं घट्टे पडतात, मग जखम, मग सूज. आमच्या प्राणीघरात वर्षाला दोन-तीन तरी असे निघत. मी त्यांना जांभळं औषध लावायचो. कुणी सांगितलं नव्हतं, मीच बाटली मागून घेतली होती, आणि त्याचा मला अभिमान होता. एकतीस वर्षांत मी औषध पायाला लावलं, जाळीकडे बघितलं नाही. पिंजऱ्यात जनावराला हालचालीपुरती तरी उंची, लांबी, रुंदी हवी, नाहीतर तो छळ, हे १९६०च्या कायद्यात आहे. तळाबद्दल त्या कलमात काही नाही आणि माझ्या कामाच्या यादीतही नव्हतं.

म्हणून या पिंजऱ्यात रिव्हेट मारलेली नवी जाळी मी झाकून टाकली. त्यासाठी सनपॅकचा बोर्ड लागला. निवडणुका होऊन महिना झाला होता, विजेच्या खांबावर एक उमेदवार अजून हात जोडून उभा होता. पडलेलाच होता, त्यामुळे कुणी काढायला आलं नव्हतं. बोर्ड दोन फूट रुंद होता. लांबीला थोडा कापावा लागला. चेहरा खाली करून बसवला. त्यावर जुन्या ब्लँकेटचा तुकडा, तो दर दोन दिवसांनी धुवायचा. बायकोनं विचारलं, मग जाळी मारलीत कशाला? बोर्डाला आधार लागतो, असं मी सांगितलं. खरं म्हणजे तळाला जाळी नसलेला पिंजरा माझ्या हातांना सुचलाच नाही. गंज निघालेल्या चौकटीला रंग दिला नाही. मोहरीच्या तेलाचा हात फिरवला. पुन्हा गंजेल, पुन्हा पुसू.

दोघांना आत सोडलं तेव्हा ते पंधरा मिनिटं एका कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसले. मग मोठ्यानं बाजूच्या जाळीची एक तार दातांत धरून पाहिली आणि सोडली. फ्रीजचं दार उघडल्यावर दोघांनी शिट्टी मारली, क्रेटमध्ये मारत तशीच. त्यांना पेरू लागतो. माणसासारखंच यांच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. याचा परिणाम १९०७ साली नॉर्वेत दोन संशोधकांना गिनीपिगांतच दिसला. नुसत्या धान्यावर ठेवलेल्यांना खलाशांसारख्या हिरड्या सुजणाऱ्या आजारानं गाठलं. आमच्या प्राणीघरात कोबी येई, खानावळीतला उरलेला.

दारावरच्या खाचेत काही घालावं असं माझ्या मनात नव्हतं. तिथं पूर्वी क्रमांक, तारीख आणि वजन असे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूचं कार्ड कापून तिथं सरकवलेलं होतं, बायकोच्या अक्षरात: सकाळी पेरू, संध्याकाळी कोथिंबीर. गूळ देऊ नये. काल कुणी दिला ते मला माहीत आहे.